विसरणे आणि आठवणे

विसरणे हा विद्यार्थ्याचा अपराध आहे, अशा समजुतीने आम्ही शिक्षकी पेशाची पहिली दहा-बारा वर्षे काढली. कविता म्हणताना मुलगा अडला की गुण कापावयाचे, आणि शेजारच्या बाकावरून कोणी पुढच्या ओळीचा पहिला शब्द पुटपुटला तर त्याचेही कापावयाचे, हा आमचा शिरस्ता. त्या एका शब्दासरशी अडलेला मुलगा उरलेली कविता घडाघडा म्हणून टाकी. हे रोज डोळ्यांदेखत घडत असूनही आम्ही त्याचा अर्थ कधी लावला नाही. जे गेलेच होते, ते एका शब्दाने परत कसे आले? या प्रश्नाचा इतिहास पुढे वाचनात आला, तेव्हा कापलेल्या त्या गुणांची आठवण आम्हांस सुखाची राहिली नाही.

विस्मरणाचे पद्धतशीर मोजमाप प्रथम केले ते हेर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने. त्याच्या प्रयोगाचा विषय तो स्वतःच होता. अर्थपूर्ण शब्दांना जुन्या आठवणी आधीच चिकटलेल्या असतात, म्हणून दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून त्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. १८७९-८० मध्ये व पुन्हा १८८३-८४ मध्ये त्याने या अक्षरगटांच्या माळा ठेक्यावर पाठ केल्या, विसरल्या आणि पुन्हा पाठ केल्या. त्याचा ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध झाला. त्याची खरी चतुराई प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत होती. ‘किती आठवते?’ असे न विचारता, ‘पुन्हा पाठ करण्यास श्रम किती कमी पडतात?’ असे त्याने विचारले. सुमारे वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४, आणि ३१ दिवसांनी २१. म्हणजे घसरण होते ती आरंभीच, नंतर ती मंदावते. २०१५ साली ॲम्स्टरडॅमच्या दोघा संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला, आणि आलेख बव्हंशी तसाच उमटला.

त्याने बायरनच्या ‘डॉन ह्वान’ काव्यातील कडवीही पाठ केली होती. बावीस वर्षांनी ती त्याच्या आठवणीतून पार गेली होती. पण पुन्हा पाठ करू लागताच नव्या कडव्यांपेक्षा वेळ कमी लागला. जे समूळ गेले असे वाटत होते, त्याचा काही अंश आत शिल्लक होता तर!

मग विसरतो का? केवळ काळ लोटल्याने, हे उत्तर पुरत नाही. कॉर्नेल विद्यापीठात १९२४ साली दोघा विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. पाठांतरानंतर ते झोपले तर पुष्कळ आठवे, तितकाच वेळ जागे राहिले तर फार थोडे. दिवसभराचे नवे अनुभव जुन्यांच्या आड येतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. झोपेत आठवण स्वतःच पक्की होते, हा विचार पुढे पुढे आला.

आड आलेले बाजूला सारणारे काय असते, हे आम्ही घरीच पाहिले. बेळगावजवळच्या आमच्या गावी एका दिवाळीच्या सुटीत आत्याबाईंच्या ओव्या उतरवून घ्यावयास बसलो. चार-पाच ओव्या झाल्या आणि त्या थांबल्या. “नाही रे आता काही आठवत,” म्हणाल्या. गिरणी आल्यापासून पडवीत पडून राहिलेले जाते पुसून त्यांच्यापुढे ठेवले. मूठभर जोंधळे वैरून त्यांनी खुंटा धरला, आणि संध्याकाळपर्यंत आमची वही भरली.

जुन्या नैयायिकांस हे मुळीच नवल वाटले नसते. अनुभव संस्काररूपाने राहतो आणि उद्बोधक मिळाला की जागा होतो, असे त्यांचे मत. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात अशा उद्बोधकांची वीसाहून मोठी यादीच आहे: अभ्यास, सादृश्य, संबंध, विरोध, वियोग, सुख, दुःख, भय. वियोगाला त्या यादीत स्थान देणाऱ्याने माणसे नीट पाहिली होती, असे आम्हांस वाटते.

त्यास प्रयोगाचे पाठबळ टोरोंटोतून मिळाले. एन्डेल टुल्विंग व झेना पर्लस्टोन यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शाळकरी मुलांना पशू, वस्त्रे अशा वर्गांनुसार शब्द ऐकविले. काहींना नुसतेच आठवा म्हटले, तर काहींना वर्गांची नावे दिली. दुसऱ्यांनी कितीतरी अधिक शब्द लिहिले. शब्द पहिल्या मुलांपाशीही होते. त्यांस वाट सापडत नव्हती. आमच्या शाळेत अडलेल्या मुलास पहिला शब्द आता आम्हीच सांगतो. तोंडी परीक्षेचे मूल्य त्याने उतरते असे काही सहकाऱ्यांचे मत आहे, आणि ते अगदीच निराधार नाही.

मात्र आठवणे म्हणजे पेटीतले नाणे बाहेर काढणे नव्हे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट याने १९३२ च्या ग्रंथात हे दाखविले. अमेरिकेतील आदिवासींची एक अपरिचित कथा विद्यार्थ्यांना वाचावयास देऊन काही काळाने ती त्याने परत सांगावयास लावली. त्यांच्या तोंडी सील प्राण्यांच्या शिकारीची मासेमारी झाली, आणि चमत्कारिक वाटणारे पुष्कळसे गळून गेले. प्रत्येकास आपण मूळचेच सांगतो आहोत असे वाटत होते.

दोन वर्षांनी आत्याबाईंस पुन्हा जात्यापाशी बसविले. पहिल्या खेपेस एका ओवीतला भाऊ पंढरीहून आला होता. या खेपेस तो आमच्याच गावच्या यात्रेहून आला. वही उघडून दाखविली, तर त्या रागावल्या. आम्हीच चुकीचे लिहिले होते, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही ओव्या वहीत शेजारी शेजारी आहेत.