शनिवार तेल्यांची वही

पेणच्या एका बेने इस्रायली घरात मी आजोबांच्या हातची जीर्ण कीर्तनवही पाहिली. ओव्या, साक्या आपल्याच मराठीत. आख्यान मात्र मोशेचे! वळण नारदीय, आपले वारकरी नव्हे.

पूर्वज नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून आले, अशी त्यांची परंपरा. तेलाचा घाणा चालवीत, शनिवारी बंद ठेवीत, म्हणून 'शनिवार तेली'. गावांवरून पेणकर, रोहेकर झाले. कीर्तन त्यांनी १९व्या शतकात उचलले.

१९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेले. वहीचे धनीही निघाले होते. म्हणाले, "बुवा, तिकडे नातवंडांना मराठी वाचता येत नाही. तुम्ही ठेवता?"

मी म्हटले, "आधी चाल ऐकवा."

त्यांनी डोळे मिटून साकी धरली. वहीकडे पाहिलेसुद्धा नाही.