उतारावरचा वास

विजेच्या मोटारीत जळका वास आला की पहिला संशय बॅटरीवर जातो. त्याला कारणही आहे. मार्च 2022 मध्ये पुण्यात विजेची स्कूटर पेटली, त्याच वर्षी जूनमध्ये वसईत मोटार पेटली. दोन्ही दृश्ये मोबाइलवरून घरोघर पोहोचली. मात्र पुण्याहून पनवेलकडे उतरणाऱ्या मोटारीतला वास बऱ्याचदा ब्रेकचा असतो, आणि त्याचे मूळ शोधायचे तर बोरघाटाचा इतिहास चाळावा लागतो.

पनवेल बंदरात बोटीने उतरायचे आणि तेथून घाट चढायचा, हा मुंबईकरांचा पुण्याला जाण्याचा जुना मार्ग. 10 नोव्हेंबर 1830 रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी चाकाच्या गाड्या जातील असा घाटरस्ता खुला केला. चढताना प्रश्न बळाचा होता. उतरताना प्रश्न वेगळा होता: चढून साठवलेले बळ आता जिरवायचे कोठे?

1863 मध्ये रेल्वे आली तेव्हा हा प्रश्न अधिक अवजड झाला. सोळा मैलांहून थोड्या कमी अंतरात 1,831 फुटांची चढण, आणि काही ठिकाणी 37 फुटांमागे एक फूट असा उतार. ब्रेक अपुरे पडून गाडी सुटलीच तर तिला वळवून चढावर नेऊन थांबवणारे बाजूचे रूळ, म्हणजे कॅच सायडिंग, घाटात ठेवावे लागले. ब्रेक लावायचा म्हणजे गाडीचे बळ घासून उष्णतेत घालवायचे, एवढाच तेव्हा उपाय होता.

उतरणीतून वीज काढण्याचे काम या डोंगरात आधी पाण्याने केले. लोणावळ्याच्या बाजूला अडवलेले पाणी नळांतून खाली सोडून टाटांच्या खोपोली केंद्रात 1915 पासून वीज तयार होऊ लागली. पुढे 1929 मध्ये कल्याण ते पुणे मार्गावर विजेची रेल्वे सुरू झाली. तिथल्या ‘खेकडा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालगाडीच्या इंजिनांत, उतरताना मोटरचेच जनित्र करून वीज वरच्या तारेत परत देण्याची सोय होती. अट एकच: ती वीज घ्यायला कोणीतरी हवे, जसे की त्याच वेळी घाट चढणारी दुसरी गाडी. घेणारा नसला की पुन्हा लोखंडी ब्रेक.

आजची विजेची मोटार हेच करते. फक्त तिची वीज घेणारी तिचीच बॅटरी असते. हिशेब सोपा आहे. माणसांसह 1,600 किलो वजनाची मोटार सुमारे 550 मीटर खाली उतरली तर साधारण 2.4 युनिट ऊर्जा मोकळी होते. काही भाग हवा आणि टायर खातात, बराचसा बॅटरीत जाऊ शकतो. पण लोणावळ्यात शंभर टक्के चार्ज करून निघालेल्या मोटारीच्या बॅटरीत जागाच नसते. मोटार स्वतःहून वीज परत घेणे कमी करते आणि सगळा भार पॅड-डिस्कवर येतो. मग जुन्या ट्रकच्या लायनरसारखाच उग्र वास नव्या मोटारीला येतो.

अशा वेळी सुरक्षित जागी थांबावे. चाकाला हात न लावता जवळ धरून धग पाहावी. पुढची चाके मागच्यांपेक्षा तापलेली असणे स्वाभाविक आहे. तुलना डाव्या-उजव्याची करावी. दोन्ही सारखी तापली असतील तर मोटार थंड होऊ द्यावी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकू किंवा तडकू शकते.

खरी परीक्षा खोपोलीच्या पुढे. घाट संपल्यावर सपाट रस्त्यावर वारा लागून ब्रेक निवतात. वास पनवेलपर्यंत टिकला आणि एकच चाक तापलेले असले, तर कॅलिपर अडकला आहे असे समजावे. विजेच्या मोटारीत पायाचा ब्रेक कमी वापरला जातो, म्हणून तो कमी झिजतो. पण कोकणच्या दमट हवेत तोच गंजतो. मेकॅनिककडून कॅलिपरच्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावून घ्यावे, पॅड करपले असतील तर बदलावेत. मोकळ्या सपाट रस्त्यावर अधूनमधून पायाचा ब्रेक नीट दाबला तर डिस्कवरचा गंज निघत राहतो.

घरी चार्जिंग करताना प्लास्टिक जळाल्यासारखा वास आला तर मेन स्विच बंद करून सॉकेटचा सैल जोड इलेक्ट्रिशियनला दाखवावा. मात्र गोडसर, रसायनासारखा वास, मोटारीखालून फटफट आवाज किंवा पांढरट धूर, यांपैकी काहीही जाणवले तर तपासत बसू नये. सगळ्यांनी उतरून दूर जावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे. तो वास बॅटरीचा असू शकतो, आणि तिथे मिनिटे मोलाची असतात.

एरवी घाटाचा उपाय घाटमाथ्यावरच आहे. लोणावळ्यात चार्ज करताना ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबावे. पनवेलपर्यंत जायला तेवढे पुरते, आणि उतरणीला तिची वीज ठेवायला जागा मिळते.