रिअल एलची जत्रा : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडा इतिहास

मंडळात नव्याने येणाऱ्या कुटुंबांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. डॉक्टरकडे नाव कसे नोंदवायचे, कौन्सिल टॅक्स कसला, थंडीत नळ गोठू नयेत म्हणून काय करायचे. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "ऑफिसातले लोक शुक्रवारी बिअर फेस्टिव्हलला चल म्हणतात. जावं का? गेलो तर मागायचं काय? आणि पीत नसलो तर तिथे बसून करायचं काय?"

मी १९७८ साली बर्मिंगहॅमला आलो आणि गेली कित्येक वर्षे आमच्या गावच्या अशा एका फेस्टिव्हलमध्ये स्वयंसेवक म्हणून राबतो. मी त्याला जत्राच म्हणतो, कारण गर्दी, गोंगाट, खाणे आणि ओळखीचे चेहरे सगळे जत्रेसारखेच असते. तेव्हा उत्तर द्यायला मला हरकत नाही. मात्र ते इतिहासासकट द्यावे लागेल. या जत्रेतली जवळजवळ प्रत्येक रीत कुठल्या तरी जुन्या भांडणातून आलेली आहे, आणि ते भांडण ठाऊक असले की तिथे परके वाटत नाही.

आधी एक खुलासा. जे पीत नाहीत त्यांनी सुरू करावे असा माझा मुळीच आग्रह नाही.

अढीतली बिअर

रिअल एल म्हणजे काय? मोड आणून भाजलेले जव, हॉप्सची कडवट फुले, पाणी आणि यीस्ट यांपासून केलेली, पण कारखान्यातून बाहेर पडताना पुरी न झालेली बिअर. ती पिंपात भरताना तिच्यात जिवंत यीस्ट असते आणि आंबण्याचे उरलेले काम पबच्या तळघरात, त्याच पिंपात चालू राहते. कोकणातला आंबा झाडावरून कच्चाच उतरवतात आणि घरी अढीत पिकवतात, तसेच हे आहे. अढी कोणत्या दिवशी उघडायची ते घरातल्या आजीला कळते. पिंप केव्हा उघडायचे ते तळघर सांभाळणाऱ्याला कळावे लागते. पिंपाच्या डोक्यावर एक लहानशी लाकडी खुंटी असते. ती सैल आहे की घट्ट, यावर आत वायू किती राहायचा ते ठरते. पिंप एकदा उघडले की आत हवा शिरते आणि तीन-चार दिवसांत बिअर उतरते.

म्हणून पहिला सल्ला. "इंग्रज कोमट बिअर पितात" हे आपण सगळेच ऐकून येतो. ते खरे नाही. ही बिअर सुमारे १२ अंश सेल्सिअसला, म्हणजे तळघराच्या गारव्याइतकी थंड असते. फ्रीजमधल्या लागरची सवय असलेल्याला पहिला घोट बेचव वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला जिभेला माल्ट आणि हॉप्स वेगवेगळे कळू लागतात. बर्फासारखी थंड बिअर ते कळूच देत नाही.

चार मित्रांची चळवळ

साठच्या दशकात या पिंपांवर संक्रांत आली. सहा मोठ्या कंपन्यांनी लहान भट्ट्या विकत घेऊन बंद करण्याचा सपाटा लावला. या देशातले बहुतेक पब तेव्हा बिअर करणाऱ्या कंपन्यांच्याच मालकीचे होते, त्यामुळे कंपनी ठरवील तेच गिऱ्हाइकाने प्यायचे. कंपन्यांना हवी होती केग बिअर. ही गाळून, तापवून, यीस्ट मारून धातूच्या बंद पिंपात भरायची आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने वर चढवायची. ती टिकते, सगळीकडे सारखी लागते आणि तिच्यासाठी जाणता माणूस लागत नाही. वॉटनी कंपनीची रेड बॅरल ही तिची सर्वांत गाजलेली आणि पुढे सर्वांत टिंगल झालेली जात.

मार्च १९७१मध्ये मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, बिल मेलर आणि जिम मेकिन हे वायव्य इंग्लंडचे चार तरुण आयर्लंडमध्ये सुटीवर गेले होते. केरी परगण्यात, अगदी पश्चिम किनाऱ्यावरच्या डनक्विन गावी, क्रुगरच्या पबमध्ये बसून त्यांनी एक संघटना काढली. १९७३ साली तिचे नाव 'कॅम्पेन फॉर रिअल एल' झाले. तिलाच सगळे 'कॅमरा' म्हणतात. फोटो काढायच्या कॅमेऱ्याशी तिचा संबंध नाही. १९७४ साली तिने 'गुड बिअर गाइड' छापून प्रसिद्ध केले. त्यात वॉटनीबद्दलचा शेरा इतका जहाल होता की तो मध्येच बदलून सौम्य करावा लागला.

कारखानदार नव्हे, सरकार नव्हे, तर निव्वळ गिऱ्हाइकांनी वर्गणी काढून चालवलेली ही चळवळ होती. लोकांना नुसते सांगून भागणार नाही, चाखायला दिले पाहिजे, म्हणून जत्रा सुरू झाल्या. केंब्रिजची जत्रा १९७४ पासूनची. सप्टेंबर १९७५मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये मोठे प्रदर्शन भरले. तिथला भाजी-फुलांचा बाजार आदल्या वर्षीच नाइन एल्म्सला हलला होता आणि फुलबाजाराची इमारत रिकामी होती. सुमारे ४०,००० लोक आले. १९७७ साली अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये पहिला 'ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल' भरला. १९८० साली जत्रेच्या थोडेच दिवस आधी त्या पॅलेसला आग लागली, तर या मंडळींनी बाहेर तंबू ठोकून जत्रा पार पाडली. पावसाने मांडव कोसळल्यावर दुसऱ्या दिवशी गणेशोत्सव उभा करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

नावात इंडिया, दारात मज्जाव

जत्रेतल्या यादीत तुम्हाला 'आयपीए' ही अक्षरे जागोजागी दिसतील. इंडिया पेल एल. त्यातला इंडिया म्हणजे आपलाच देश. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेला बो येथे जॉर्ज हॉजसन याची भट्टी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जवळच्याच ब्लॅकवॉलला नांगर टाकत. त्यांचे कप्तान खासगी व्यापारासाठी हॉजसनची बिअर उधारीवर उचलत आणि केपला वळसा घालून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला नेऊन विकत. महिनोन्‌महिन्यांच्या त्या प्रवासात ती पिंपातच मुरत असे. पुढे १८२०च्या दशकात बर्टनच्या ऑल्सप आणि बास या कंपन्यांनी हा व्यापार हॉजसनकडून हिसकावला. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्समचा अंश भरपूर, आणि त्या पाण्यात ही बिअर अधिक निखळ उतरे. हॉजसनने भारतासाठी मुद्दाम ही बिअर शोधून काढली, ही गोष्ट मात्र दंतकथाच म्हणायची. साध्या गोऱ्या शिपायाला बहुतेक वेळा काळी पोर्टर मिळे. पेल एल साहेबलोकांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी असे.

आता याची दुसरी बाजू. शंभराहून अधिक वर्षे पेल्यावर इंडियाचे नाव मिरवणाऱ्या या देशात १९६०च्या दशकात खुद्द इंडियातून आलेल्या कामगारांना पबच्या चांगल्या खोलीत बसू देत नसत. बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिकमधले ओतशाळांचे कामगार दिवसभर भट्टीसमोर घाम गाळून संध्याकाळी पबमध्ये गेले, की त्यांना 'स्मोक रूम'मध्ये नकार मिळे. फक्त साध्या 'पब्लिक बार'मध्ये उभे राहण्याची मुभा. काही ठिकाणी तीही नाही. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून याचा पुरावा गोळा केला. गोरे आणि भारतीय एकामागून एक आत जात, आणि कोणाला बिअर मिळते, कोणाला नाही, याची नोंद ठेवली जाई. फेब्रुवारी १९६५मध्ये अमेरिकेचे माल्कम एक्स स्मेदिकला आले, तेव्हा जौहल त्यांना मुद्दाम अशाच एका पबमध्ये घेऊन गेले. तिथल्या स्मोक रूममध्ये त्यांनाही नकार मिळाला. त्याच वर्षअखेर रेस रिलेशन्स अ‍ॅक्ट अमलात आला आणि पबसारख्या सार्वजनिक जागी वर्णावरून अडवणे बेकायदा ठरले. कायदा दुबळा होता, पण दार कायद्याने उघडले.

मी आलो तेव्हा कायदा होऊन तेरा वर्षे झाली होती. तरी पबमध्ये शिरल्यावर बोलणी क्षणभर थांबत, हे माझ्या पिढीच्या पुष्कळांना आठवत असेल. म्हणून नव्या मंडळींना माझे सांगणे असे, की जत्रेच्या दारात संकोचाने उभे राहू नका. ज्या खोलीत तुम्ही शिराल ती आपल्याच लोकांनी भांडून उघडून घेतलेली आहे. जत्रेत तर ठरलेल्या खुर्च्या नाहीत, नेहमीच्यांचे कोपरे नाहीत. हातात पेला घेऊन सगळे सारखेच उभे असतात. "यातली कोणती बरी?" एवढे विचारले की शेजारचा अनोळखी माणूस दहा मिनिटे बोलतो.

शाकाहारी मंडळींसाठी

ही गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. पिंपातले यीस्ट तळाशी बसून बिअर नितळ व्हावी म्हणून त्यात परंपरेने 'आयसिंग्लास' घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. आपल्याकडे घोळ माशाची ही पिशवी फार किमतीची असते. कोळी तिला भोत म्हणतात. आयसिंग्लास गाळासोबत तळाला बसते, पेल्यात फारसे उतरत नाही. पण ज्यांना तेही चालत नाही त्यांनी काउंटरवर 'अनफाइन्ड' किंवा 'व्हीगन' बिअर कोणती, असे सरळ विचारावे. यादीतही आता पुष्कळदा तशी खूण असते. अनफाइन्ड बिअर थोडी गढूळ दिसते. तिला नासलेली समजून परत करू नये. मात्र बिअरला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर नम्रपणे सांगावे. ती बदलून देतात आणि कोणी वाईट मानत नाही.

माप, वेळ आणि घरी परतणे

दारात पेल्याची अनामत भरावी लागते. त्या पेल्यावर पाइंट, अर्धा आणि तृतीयांश अशा रेघा असतात. पबमधला पेला काठोकाठ भरला तरी वरचा फेस मापात जातो, ही गिऱ्हाइकांची जुनी तक्रार. कॅमराने पेला मुद्दाम मोठा ठेवून रेघेपर्यंत बिअर देण्याचा पायंडा पाडला. दूधवाल्याच्या मापाकडे बारीक नजर ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे ताबडतोब पटेल. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. नवख्याने तृतीयांशच मागावा. त्यात कमीपणा काही नाही, जाणकारही तेच करतात.

क्रमही सांभाळावा. आधी माइल्ड आणि बिटर, मग पेल एल, नंतर पोर्टर किंवा स्टाउट, आणि बार्ली वाइन असलीच तर अगदी शेवटी. ती वाइनच्या जवळ जाईल इतकी कडक असू शकते. तोंडावळा म्हणून टिमथी टेलरची 'लँडलॉर्ड' दिसली तर चाखा. ब्रिटनच्या सर्वोत्तम बिअरचा मान तिने चार वेळा मिळवला आहे. पबप्रमाणे सगळ्यांसाठी 'राउंड' घेण्याची चाल इथे पाळू नका. ज्याने त्याने आपले घ्यावे. नाही तर सहा जणांत सहा पेले होतात.

शुक्रवारची रात्र गर्दीची. आठवड्यातली एखादी दुपार निवांत, तेव्हा काउंटरवरचे लोक मोकळेपणाने समजावून सांगतात. शेवटच्या दिवशी चांगली पिंपे रिकामी झालेली असतात. फर्किन नावाच्या नेहमीच्या पिंपात जेमतेम ७२ पाइंट मावतात. जेवून जावे, मध्ये पाणी प्यावे. मुलांना कोणत्या वेळी प्रवेश आहे ते आधी पाहावे. न पिणाऱ्यांसाठी सरबते, चीज आणि संगीत असतेच. आणि गाडी घरी ठेवावी. इंग्लंडमध्ये १९६७ पासून १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०. पण "एवढे चालते" असा हिशेब करूच नये. ट्रेन किंवा बस.

पुढे काय?

या जत्रांत पिंपे उचलणारे, तोट्या ठोकणारे, पेले विसळणारे सगळे बिनपगारी असतात. आमच्या गावच्या जत्रेत त्यातले बहुतेक आता साठीपुढचे आहेत. करोनामुळे २०२० आणि २०२१मध्ये राष्ट्रीय जत्रा झाली नाही. २०२४मध्येही ती भरली नाही, आणि २०२५मध्ये लंडन सोडून बर्मिंगहॅमच्या एनईसीमध्ये भरली. चव टिकवायला माणसे लागतात, आणि हा प्रश्न आपल्या मंडळाच्या मंडपात खुर्च्या लावणाऱ्यांनाही चांगलाच परिचयाचा आहे.

म्हणून शेवटची सूचना. पहिल्या वर्षी आपल्या गावच्या लहान जत्रेला, सभागृहात नाही तर चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या, नुसते जाऊन या. आवडले तर पुढच्या वर्षी स्वयंसेवकांच्या यादीत नाव द्या. न पिणाऱ्यांनाही दारावर, हिशेबाला आणि पेले धुवायला आनंदाने घेतात. आमच्या जत्रेत गेल्या वर्षी कॅशबॉक्स सांभाळणारे गृहस्थ जन्मात बिअर न चाखलेले होते, आणि हिशेब पेनीला पेनी जुळला.