आफ्रिकेतील सफारीसाठी कपडे : जंगलाला साजेसे, माणसांत शोभणारे

‘सफारी’ हा स्वाहिली भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘प्रवास’ असा आहे. अरबी ‘सफर’ हे त्याचे मूळ. मराठीतील ‘सफर’ही तिथलीच. मराठी माणसाला मात्र ‘सफारी’ म्हटले की लग्नसमारंभांत आणि सरकारी कचेऱ्यांत एके काळी हमखास दिसणारा, एकाच कापडाचा शर्ट-पँटचा जोड आठवतो. केनिया किंवा टांझानियातील अभयारण्ये पाहायला निघालेले अनेक पर्यटक अशाच कल्पनेतून अनेक खिशांचे खाकी जाकीट, तशीच पँट आणि रुंद काठाची टोपी असा संपूर्ण संच खरेदी करतात. हा वेष घालून ते नैरोबीच्या रस्त्यावर उतरले, की परके म्हणून दुरूनच ओळखू येतात.

जंगलात नजरेत न भरणे आणि गावात लोकांमध्ये मिसळून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅग भरताना दोन्हींचा स्वतंत्र विचार करावा लागतो. भारतीय पर्यटकाला यातील दुसरी गोष्ट त्याच्या समजुतीपेक्षा बरीच सोपी आहे.

जंगलातील रंग

‘खाक’ म्हणजे धूळ. या फारसी शब्दावरून ‘खाकी’ हे नाव आले. १८४६ मध्ये पेशावर येथे उभारलेल्या ‘कोअर ऑफ गाइड्स’ या पलटणीने हा रंग गणवेशासाठी स्वीकारला आणि पुढे तो ब्रिटिश सैन्याबरोबर आफ्रिकेत पोहोचला. धुळीच्या रंगाच्या कापडावर धूळ दिसत नाही, एवढा त्याचा साधा उपयोग आजही आहे.

मोटारीतून प्राणी पाहताना कपड्यांच्या रंगाने फारसा फरक पडत नाही. सिंह, हरणे यांसारखे बहुतेक सस्तन प्राणी माणसाइतके रंग ओळखत नाहीत. हालचाल, आवाज आणि वास त्यांना अधिक जाणवतात. वाटाड्याबरोबर पायी फिरायचे असेल तर मात्र पांढरे, चकाकणारे कपडे टाळावेत. बदामी, फिकट तपकिरी, मळकट हिरवा यांपैकी कोणताही रंग चालतो. घरातील जुने सुती शर्ट त्यासाठी पुरेसे आहेत.

गडद निळा आणि काळा रंग टाळण्यास वेगळे कारण आहे. त्सेत्से माशी या रंगांकडे आकर्षित होते. तिला पकडण्याचे सापळेही निळ्या-काळ्या कापडाचेच असतात. टांझानियातील तारांगिरे उद्यानात या माशीचा उपद्रव जाणवतो. ती पातळ कापडातूनही चावते आणि क्वचित प्रसंगी तिच्या दंशातून निद्रारोग होतो. म्हणून कापड जरा जाडसर आणि सैल असावे. हिवतापाचे डास सूर्यास्तानंतर चावतात. त्या वेळेसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे व मोजे हवेत.

लष्करी नक्षी नको

हिरव्या-तपकिरी पट्ट्यांची लष्करी नक्षी असलेले कपडे जंगलासाठी सोयीचे वाटतात; पण ते घरीच ठेवावेत. झांबिया, झिंबाब्वे, बोट्स्वाना आणि युगांडा या देशांत नागरिकांना असे कपडे वापरण्यास मनाई आहे. केनियातही परवानगीशिवाय लष्करी गणवेशासारखा वेष करणे गुन्हा ठरतो. हा नियम टोपी, पिशवी आणि मुलांच्या कपड्यांच्या बाबतीतही लक्षात ठेवावा.

विषुववृत्तावरील थंडी

विषुववृत्त म्हणजे उकाडा, ही समजूत पूर्व आफ्रिकेच्या पठारावर खोटी ठरते. नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे; म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच अशा कळसूबाई शिखराच्या (१,६४६ मीटर) बरोबरीचे. टांझानियातील गोरोंगोरो विवराची कड तर सुमारे २,३०० मीटर उंच आहे. मसाई मारात रानम्हशींसारख्या दिसणाऱ्या विल्डबीस्ट हरणांचे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात येतात. त्यांपैकी जुलै आणि ऑगस्ट हे तिथले गार महिने. पहाटे उघड्या छताच्या मोटारीत वारा झोंबतो आणि दुपारी ऊन तापते. एका जाड कोटापेक्षा शर्ट, स्वेटर आणि वारा अडवणारे पातळ जाकीट असे एकावर एक कपडे घालणे सोयीचे.

गावात मिसळताना

नैरोबीत कामावर जाणारे लोक नीटनेटके राहतात. इस्त्रीचा शर्ट, पँट आणि पॉलिश केलेले बूट हा तिथला रोजचा वेष आहे. परदेशांतून आलेले वापरलेले कपडे तिथे ‘मितुंबा’ या नावाने विकले जातात. गिकोंबा हा त्यांचा मोठा बाजार. कमी पैशांतही व्यवस्थित दिसण्याकडे लोकांचा कल असतो. मळलेली खाकी पँट आणि चुरगळलेला टी-शर्ट घालून त्यांच्या घरी किंवा कचेरीत जाणे त्यांना अनादराचे वाटू शकते.

सफारी सुटाचा एक भाऊबंद तिथे आहे. झांबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांच्यावरून तो ‘कौंडा सूट’ म्हणून ओळखला जातो. केनियाचे राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनाही तो प्रिय आहे. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये केनियाच्या संसदेत तो घालण्यास सभापतींनी मनाई केली. पोशाखाची औपचारिकता तिथे किती गांभीर्याने घेतली जाते, हे यावरून दिसते.

भारतीय चेहरा आणि भारतीय पोशाख यांचे मात्र तिथे कोणाला नवल नाही. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग बांधण्यासाठी सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून नेण्यात आले. नैरोबी शहरही त्याच मार्गावरचे ठाणे म्हणून १८९९ मध्ये वसले. जुलै २०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातील ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. साडी किंवा सलवार-कुर्ता ही तिथल्या रस्त्यांवर नित्याची दृश्ये आहेत. त्यामुळे विकत घेतलेल्या ‘शिकारी’ वेषापेक्षा आपला रोजचा सुती कुर्ता माणसांत अधिक सहज मिसळतो.

मोंबासा, लामू आणि झांझिबार या किनारी भागांत मुस्लिम वस्ती मोठी आहे. समुद्रकिनारा सोडून गावात शिरताना स्त्री-पुरुष दोघांनीही खांदे आणि गुडघे झाकावेत. सैल सलवार-कुर्ता आणि ओढणी तिथल्या दमट हवेलाही मानवते.

दुसऱ्यांचा पोशाख

मसाई लोक अंगावर लपेटतात ते लाल चौकड्यांचे वस्त्र म्हणजे ‘शुका’. थंडीत शालीसारखे पांघरायला ते उत्तम. विणकरापासून किंवा स्थानिक विक्रेत्याकडून जरूर घ्यावे. परंतु शुका, मण्यांचे दागिने आणि हातात काठी असे संपूर्ण सोंग घेऊन मिरवणे म्हणजे मिसळणे नव्हे. त्या दागिन्यांना वय, विवाह आणि समाजातील स्थान यांचे अर्थ असतात.

किनाऱ्यावरील स्त्रियांचा ‘कांगा’ तर अक्षरशः बोलतो. जोडीने विकल्या जाणाऱ्या या छापील सुती वस्त्राच्या काठाजवळ स्वाहिली म्हण किंवा वचन असते. आईविषयीची कृतज्ञता, प्रेम, शेजारणीला मारलेला टोमणा, असे काहीही त्यावर असू शकते. म्हणून कांगा निवडताना नक्षीबरोबर मजकुराचा अर्थही विक्रेत्याला विचारावा.

बॅग भरताना

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून अभयारण्यांत जाणाऱ्या छोट्या विमानांत प्रवाशाला साधारणपणे हातातील सामानासह १५ किलो वजनाची मर्यादा असते. टणक सुटकेस चालत नाही. मऊ कापडी बॅग लागते. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. कपडे वेगळे ठेवण्यासाठी कापडी पिशव्या न्याव्यात. अनेक तंबूनिवासांत कपडे धुऊन मिळतात. अंतर्वस्त्रे मात्र बहुधा स्वतःच धुवावी लागतात.

आठवड्याभराच्या प्रवासाला पुढील कपडे पुरतात :

• फिकट मातकट रंगांचे पूर्ण बाह्यांचे तीन-चार सुती शर्ट किंवा कुर्ते
• दोन-तीन सैल पँट किंवा सलवारी
• एक स्वेटर आणि एक पातळ जाकीट
• शहरासाठी इस्त्री केलेला एक चांगला जोड
• वाऱ्याने न उडणारी टोपी, धुळीसाठी रुमाल किंवा ओढणी
• वापरून सैल झालेले बंद बूट आणि एक चप्पल
• पुरेसे मोजे व अंतर्वस्त्रे

यातील बहुतेक वस्तू घरातल्या कपाटात आधीच असतात. बाजारात जाण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहावे.