नोटरीचा शिक्का : अधिकार किती, मर्यादा कोठे?

न्यायालय किंवा तहसील कचेरीच्या आवारात 'नोटरी' अशी पाटी लावलेले टेबल हमखास आढळते. नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्र असो, हरवलेल्या गुणपत्रिकेचा अर्ज असो वा घरभाड्याचा करार, 'नोटरी करून आणा' हा सल्ला ठरलेला असतो. गोल शिक्का आणि तिकीट लागले की कागद 'पक्का' झाला, अशी सर्वसामान्यांची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागापायी अनेकांना आयुष्याची पुंजी गमवावी लागते.

नेमणूक कशी होते?

नोटरी अधिनियम १९५२ मध्ये संमत झाला आणि १४ फेब्रुवारी १९५६ पासून अमलात आला. त्यापूर्वी नोटरींच्या नेमणुकीची तरतूद १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात होती. संपूर्ण देशासाठी किंवा त्याच्या एखाद्या भागासाठी केंद्र सरकार, तर राज्यापुरते राज्य सरकार नोटरी नेमते. सर्वसाधारणपणे वकिलीचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी ही अट सात वर्षांची आहे. व्यवसाय प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षे असते आणि त्यानंतर त्याचे नूतनीकरण करावे लागते. म्हणजेच प्रत्येक वकील नोटरी नसतो.

कामे कोणती?

अधिनियमाच्या कलम ८ मध्ये नोटरीच्या कामांची यादी दिली आहे. दस्तावरील स्वाक्षरी पडताळून तो साक्षांकित करणे, शपथ देणे व प्रतिज्ञापत्र घेणे, भाषांतर करणे व ते तपासून प्रमाणित करणे, हुंडी वा वचनचिठ्ठी न वटल्याची रीतसर नोंद करणे ही त्यातील प्रमुख कामे होत. न्यायालयाने सांगितल्यास आयुक्त म्हणून साक्ष नोंदविण्याचे कामही नोटरी करतो.

या सर्वांचे सूत्र एकच आहे. अमुक व्यक्ती अमुक दिवशी समक्ष हजर होती, तिची ओळख पटली आणि तिने स्वाक्षरी केली, एवढ्याचीच ग्वाही नोटरी देतो. कागदातील मजकूर खरा असल्याची हमी तो देत नाही. प्रतिज्ञापत्रातील विधान खोटे निघाले, तर त्याची जबाबदारी शपथ घेणाऱ्यावर येते आणि त्याच्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते.

शिक्का कोठे अपुरा पडतो?

सर्वाधिक फसगत स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ आणि नोंदणी अधिनियम, १९०८ यांनुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. मालमत्तेच्या बक्षीसपत्रालाही नोंदणी अनिवार्य आहे. केवळ 'नोटरी केलेल्या' कागदावर घेतलेल्या घराची वा जमिनीची मालकी खरेदीदाराकडे येत नाही. साठेखत, कुलमुखत्यारपत्र व मृत्युपत्र असा संच करून मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 'सूरज लॅम्प' खटल्यात २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

भाड्याच्या घराचेही तसेच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून कसूर झाल्यास शिक्षेची तरतूद आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर वादाच्या वेळी अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

मृत्युपत्राला नोटरीची आवश्यकताच नाही. तेथे दोन साक्षीदार हवेत. नोटरीचा शिक्का दोन साक्षीदारांची जागा घेऊ शकत नाही. विवाह वा घटस्फोटही नोटरीच्या टेबलावर होत नाहीत. असे दस्त करण्याचा नोटरींना अधिकार नसल्याचे केंद्रीय विधी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून बजावले.

परदेशी वास्तव्य असलेल्यांसाठी नियम थोडा वेगळा आहे. आपल्या वतीने दस्त नोंदणीस सादर करण्यासाठी भारतातील रहिवाशाने मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकांसमोर करावे लागते. परदेशातील रहिवाशाला मात्र ते तेथील नोटरी किंवा भारतीय वकिलातीसमोर करता येते.

गोव्यातील व्यवस्था निराळी आहे. पोर्तुगीजकालीन परंपरेतून आलेली 'विशेष नोटरी' ही तरतूद तेथील २०१२ च्या वारसाविषयक कायद्याने कायम ठेवली आहे. वारसा निश्चितीचे दस्त व मृत्युपत्रे विशेष नोटरीसमोर होतात. हे अधिकार इतरत्रच्या नोटरीला नाहीत.

नागरिकांनी काय पाहावे?

शिक्क्यावर नोटरीचे नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक व नेमणूक करणाऱ्या सरकारचा उल्लेख असतो, तो वाचावा. प्रमाणपत्राची मुदत संपलेली नाही याची खात्री करावी. नोटरीने नोंदवही ठेवणे बंधनकारक असल्याने कागदाची नोंद तीत झाली की नाही, हे पाहावे. शुल्काचा फलक दर्शनी भागी लावणे नियमाने आवश्यक आहे. स्वतः हजर न राहता, दुसऱ्याच्या हाती कागद पाठवून शिक्का मारून घेऊ नये. नोटरीने गैरवर्तन केल्यास त्याला नेमणाऱ्या सरकारकडे तक्रार करता येते आणि चौकशीअंती त्याचे नाव नोंदपुस्तकातून काढले जाऊ शकते.

शिक्का मारून घेण्यापूर्वी त्याची गरज आहे का, हेही विचारावे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये, कायद्याने प्रतिज्ञापत्र बंधनकारक असलेली प्रकरणे वगळता, स्वयंघोषणापत्र व स्वसाक्षांकित प्रती स्वीकारण्याचे आदेश दिले. आणि व्यवहार घर वा जमिनीचा असेल, तर पैसे देण्यापूर्वी दुय्यम निबंधक कार्यालय गाठावे; मालकीचा रस्ता तेथूनच जातो.