हुबळीला गेलेले दामले मास्तर

1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग निघाला तेव्हा बडोद्यातही टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळेनाशा झाल्या. लोक नाकाला रुमाल बांधून हिंडत. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आजीच्या बोलण्याला मात्र त्या दिवसांत खळ नव्हता. तिच्या आईने सोसलेला प्लेग ती सांगे. घरात उंदीर पडला की चूल विझवायची, दाराला कुलूप लावायचं आणि गावाबाहेर झोपडी बांधायची. काखेत नाहीतर जांघेत गाठ, ताप, बरळणं, आणि दोन-चार दिवसांत माणूस गेलेला. सांगता सांगता ती हटकून दामले मास्तरांवर येई.

दामले मास्तर म्हणजे केशवसुत. आजीला त्यांच्या कविता फारशा ठाऊक नव्हत्या. 'आपल्या बडोद्यात शिकलेला मुलगा' एवढं नातं तिला पुरे होतं. आणि ते खरं होतं. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले शाळकरी वयात थोरल्या भावाकडे इथे आले. ते भाऊ, श्रीधरपंत, बडोद्याच्या कॉलेजात शिकवत. श्रीधरपंत ऐन तारुण्यात वारले आणि मुलाचा इथला आधारच तुटला. मग वर्धा, नागपूर, पुणे. मॅट्रिक व्हायला 1889 उजाडलं.

पुढे मुंबईत तुटपुंज्या नोकऱ्या. 'तुतारी' आणि 'झपूर्झा' या 1893 मधल्या, त्याच ओढगस्तीतल्या कविता. 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला, शहर भराभर रिकामं होऊ लागलं. दामलेही खानदेशात भडगावला जाऊन मास्तर झाले. नंतर फैजपूर. 1904 मध्ये धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक. 1905 ची दिवाळी नुकतीच सरली होती. जवळच हुबळीला ते नातलगांकडे गेले, आणि मुंबईत ज्याला चुकवलं होतं त्याच रोगाने त्यांना तिथे गाठलं. 7 नोव्हेंबरला ते गेले. वय 39. आठवडाभराने पत्नीही प्लेगनेच गेल्या. मागे लहान मुली राहिल्या.

"उंदीर पडले असतील की तिथे. मग गेलाच कशाला रे?" आजी विचारी. घरातल्याच कुणावर रागवावं तसा तिचा सूर असे.

तिचा प्रश्न मला अजून छळतो. उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने 1898 मध्येच कराचीत प्रयोग करून मांडलं होतं. वैद्यकातल्या जाणत्यांनी ते कितीतरी वर्षं मनावर घेतलं नाही. मुंबईत प्लेग कमिशनने नव्याने पडताळणी सुरू केली ती 1905 मध्ये, म्हणजे मास्तर गेले त्याच वर्षी! पिसवांचं आजीच्या आईला काही ठाऊक नव्हतं. पण उंदीर पडला की घर सोडायचं, हे त्या बायकांना पक्कं कळलं होतं.

जिवंतपणी मास्तरांचा एकही संग्रह निघाला नाही. हरिभाऊ आपट्यांनी कविता जमवून पुस्तक काढलं ते नंतर. मराठी कवितेला वळण लावणारा हा माणूस पोटासाठी गावोगाव मास्तरकी करत फिरला, हे मला सोसवत नाही. ते गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1906 मध्ये, बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शिकवणाऱ्या मास्तरांची या संस्थानाला केवढी गरज होती! श्रीधरपंत जगते, तर दामले मास्तर धारवाडला कशाला जाते? ते बडोद्यातच शिकवत राहिले असते, असं आजी म्हणे, आणि मलाही तसंच वाटतं.