आठ वारस, एक नट

१७ नोव्हेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्टर कर थिएटरमध्ये ‘अ जंटलमन्स गाइड टू लव्ह अँड मर्डर’ ही संगीतिका ब्रॉडवेवर आली. पुढच्या वर्षी तिला सर्वोत्कृष्ट संगीतिकेसह चार टोनी पुरस्कार मिळाले आणि जानेवारी २०१६ पर्यंत तिचे प्रयोग चालू राहिले. घराण्याने टाकून दिलेल्या मुलीचा गरीब मुलगा, त्याच्या आणि उमरावपदाच्या मध्ये उभे असलेले आठ नातेवाईक, एकामागून एक पडणारे मुडदे आणि त्या आठही जणांच्या भूमिकेत एकच नट, असे तिचे कथानक. एवढे ऐकले की जुन्या ब्रिटिश चित्रपटांच्या जाणकाराला ईलिंग स्टुडिओचा १९४९ चा ‘काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स’ आठवल्यावाचून राहत नाही. गाजलेल्या चित्रपटावर संगीतिका बेतण्याची चाल आता इतकी रुळली आहे की तिच्यावरचा आक्षेपही ठरून गेला आहे: निर्मात्यांना नवे सुचत नाही, म्हणून ते प्रेक्षकांच्या आठवणी विकायला काढतात. पुष्कळ संगीतिकांच्या बाबतीत हा आक्षेप खराही असेल. या उदाहरणाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. या चित्रपटाची सर्वांत गाजलेली करामत मुळात रंगभूमीची होती. चित्रपटाने ती उसनी घेतली, तिला नवा अर्थ दिला, आणि ती रंगमंचावर परतली तेव्हा तिचा अर्थ पुन्हा एकदा बदलला. रूपांतराची किंमत ठरवायची ती या बदलावरून, असे माझे म्हणणे आहे.

या कथेचे मूळ आहे रॉय हॉर्निमन या लेखकाच्या ‘इस्रायल रँक’ या १९०७ च्या कादंबरीत. एका गुन्हेगाराने लिहिलेले आत्मचरित्र असे तिचे रूप आहे. नायकाची आई एका सरदार घराण्याच्या दूरच्या शाखेतली आणि वडील ज्यू फिरते विक्रेते. नायक देखणा, हुशार आणि महत्त्वाकांक्षी आहे, पण नाव आणि वंश यांमुळे त्याला दारातच अडवले जाते. कादंबरी अंधारी आहे. वाचकाला हसवण्यापेक्षा एका थंड डोक्याच्या माणसाच्या मनात डांबून ठेवणे तिला अधिक साधते. ती ज्यूद्वेष्टी आहे की ज्यूद्वेषावरच बोट ठेवणारी आहे, याबद्दल वाचकांत आजही एकमत नाही. पुढचे सारे घडले ते या न सुटलेल्या प्रश्नामुळे, कारण ज्याने ज्याने ही कथा नंतर हाती घेतली, त्याला सर्वांत आधी नायकाच्या जन्माचे काय करायचे हे ठरवावे लागले.

दिग्दर्शक रॉबर्ट हेमर आणि त्याचा सहलेखक जॉन डायटन यांनी नायकाला लुई मात्सिनी केले. त्याचे वडील आता इटालियन ऑपेरागायक झाले. हा निर्णय कोणत्या वातावरणात झाला, हे लक्षात घेतले पाहिजे. युरोपातल्या ज्यूंच्या संहाराला चार-पाच वर्षेही उलटली नव्हती. १९४८ मध्ये डेव्हिड लीनच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये अ‍ॅलेक गिनेसने रंगवलेल्या फेगिन या ज्यू खलपात्रावरून मोठा वाद पेटला. बर्लिनमध्ये त्या चित्रपटाविरुद्ध निदर्शने झाली आणि अमेरिकेत तो १९५१ पर्यंत प्रदर्शित होऊ शकला नाही. त्याच गिनेसला घेऊन ‘इस्रायल रँक’ जशीच्या तशी पडद्यावर आणणे कुणालाही शक्य नव्हते. पण हेमरने नायकाचा नुसता वंश बदलला नाही, कथेचा रोखही बदलला. कादंबरीत संशयाची नजर बाहेरून आलेल्या माणसावर खिळलेली असते. चित्रपटात ती आत बसलेल्या घराण्याकडे वळते. लुई शेवटी ड्यूक होतो आणि त्याच्यावर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, त्याच्या बरोबरीच्या उमरावांपुढे खटला चालतो. उमरावांचा हा विशेषाधिकार ब्रिटिश संसदेने १९४८ च्या फौजदारी कायद्याने रद्द केला होता आणि १९४९ च्या कायद्याने लॉर्ड्सचा विधेयके अडवून धरण्याचा काळ दोन वर्षांवरून एका वर्षावर आणला. चित्रपटातली गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभीची असली, तरी तो पाहणारे प्रेक्षक या घटनांच्या मधोमध बसलेले होते.

घराण्याकडे वळलेल्या या नजरेला चित्रपटाने जे दृश्यरूप दिले, ते म्हणजे गिनेसच्या आठ भूमिका. ड्यूक, सावकारी पेढीचा मालक, धर्मोपदेशक, जनरल, अ‍ॅडमिरल, दोन तरुण चुलतभाऊ आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी लेडी अगाथा, ही सारी त्याचीच रूपे. त्याला आधी चारच भूमिका देऊ केल्या होत्या आणि चारच का, आठ का नाहीत, असे त्यानेच विचारले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. एका प्रसंगात चर्चमधल्या अंत्यविधीला सहा जण एकाच चौकटीत दिसतात. छायाचित्रकार डग्लस स्लोकोम याने कॅमेरा जागच्या जागी घट्ट बसवला, भिंगाचा एकेक भाग झाकत तीच फिल्म पुन्हा पुन्हा मागे गुंडाळून चित्रित केली आणि हे काम काही दिवस चालले. कॅमेरा केसभर हलला असता तरी सारे वाया गेले असते. या परिश्रमातून निघालेला अर्थ स्पष्ट आहे. चर्च, सैन्य, आरमार, पेढी आणि जमीनदारी या साऱ्या ठिकाणी एकच चेहरा बसलेला आहे. सत्ता घरातच राहते, हे सांगायला संवादाची गरज उरत नाही. शिवाय चेहरा तोच असल्यामुळे एक माणूस गेल्याचे दुःख प्रेक्षकाला होत नाही. तो पुढच्या प्रसंगात दुसरी टोपी घालून येणारच असतो. खून पाहताना हसू येते ते यामुळे.

ही युक्ती चित्रपटाने शोधली असे मात्र म्हणता येत नाही. लंडनच्या रंगभूमीवर चार्ल्स मॅथ्यूज हा नट १८१८ पासून एकट्याने अनेक पात्रे उभी करणारे खेळ करत होता आणि लोक त्यासाठी गर्दी करत होते. १८५२ मध्ये चार्ल्स कीनने ‘द कॉर्सिकन ब्रदर्स’मध्ये दोन्ही जुळे भाऊ रंगवले. एका भावाचे भूत दुसऱ्यापुढे सरकत वर यावे यासाठी रंगमंचाच्या तळाशी खास यंत्रणा बसवली होती. १८७७ मध्ये हेन्री आयर्व्हिंगने ‘द लायन्स मेल’मध्ये निरपराध सज्जन आणि त्याच्यासारखाच दिसणारा खुनी या दोन्ही भूमिका केल्या. इटलीचा लिओपोल्दो फ्रेगोली तर क्षणात वेष पालटणारा बहुरूपी म्हणून युरोपभर गाजला. भेटणारी निरनिराळी माणसे म्हणजे वेष पालटून आलेली एकच व्यक्ती आहे असा भ्रम होणाऱ्या मनोविकाराला पुढे त्याचे नाव मिळाले. लेडी अगाथाच्या मागे ब्रिटिश पँटोमाइममध्ये पुरुषांनी वठवलेल्या म्हाताऱ्यांची लांबलचक परंपरा उभी आहे. गिनेस स्वतः रंगभूमीवर घडलेला नट होता. म्हणजे ईलिंगने जे दाखवले ते रंगपटातून आलेले धन होते. चित्रपटाने त्यात भर घातली ती एकाच गोष्टीची: कॅमेऱ्यामुळे ती सहा रूपे एकमेकांशेजारी बसू शकली.

संगीतिकेचे कर्ते रॉबर्ट फ्रीडमन आणि स्टीव्हन लुटव्हॅक यांनी सुरुवातीला चित्रपटाचेच हक्क मिळवण्याचा प्रयत्न केला होता. ते जमले नाही तेव्हा ते मूळ कादंबरीकडे वळले, कारण अमेरिकेत तिच्यावरचा स्वामित्वहक्क संपलेला होता. चित्रपटाचे हक्क असलेली कंपनी न्यायालयात गेली. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने स्वामित्वहक्कभंगाचा दावा फेटाळला. या ठिकाणी एक रास्त आक्षेप निघतो: कायद्याच्या दृष्टीने ही संगीतिका कादंबरीवर आधारलेली आहे, मग तिला चित्रपटाची वारस का म्हणायचे? माझे उत्तर असे, की कायदा मालकी तपासतो आणि इतिहासकार वंशावळ. कादंबरीत अर्थातच एका नटाने आठ जण व्हायचा प्रश्न नव्हता. ही कल्पना या कथेला चिकटली ती गिनेसमुळे. पण न्यायालयाच्या निकालाने आणखी एक गोष्ट मान्य केली. एका नटाने अनेक भूमिका करणे ही कुणा एकाच्या मालकीची वस्तू नाही. ती या व्यवसायाची सामायिक मिळकत आहे, आणि मॅथ्यूजपासूनचा दोनशे वर्षांचा इतिहास त्याच बाजूने साक्ष देतो.

रंगमंचावर परतल्यावर या युक्तीचे काय झाले? ब्रॉडवेवर जेफरसन मेज या नटाने डिस्क्विथ घराण्याचे आठही वारस उभे केले. चित्रपटात गिनेसला एका रूपातून दुसऱ्यात जायला हवा तेवढा वेळ होता. मेजला विंगेत उभ्या असलेल्या साहाय्यकांच्या हातून क्षणार्धात कपडे, केस, चाल आणि आवाज बदलून बाहेर यावे लागे. आता मेलेला माणूस लगेच दुसऱ्या वेषात समोर येतो, तेव्हा प्रेक्षक पात्राला हसतो आणि त्याच क्षणी नटाच्या कष्टाला दादही देतो. सहा जणांना एका चौकटीत बसवणे रंगमंचाला जमत नाही. त्याऐवजी डोळ्यांदेखत घडणारे कष्ट तो दाखवतो. दिग्दर्शक डार्को ट्रेस्न्याक आणि नेपथ्यकार अलेक्झांडर डॉज यांनी मोठ्या रंगमंचावर व्हिक्टोरियन काळातला छोटा रंगमंच उभा केला आणि सारी कथा त्यात घडवली. ते उमराव खोटे, रंगवलेले, पडद्याच्या दोरीवर हलणारे आहेत हे पहिल्यापासून कबूल करूनच खेळ सुरू होतो. चित्रपटातला एकच चेहरा सत्तेची एकजूट सांगत होता. रंगमंचावरचा एकच चेहरा सांगतो की सरदारकी हेही एक सोंग आहे आणि ते उभे राहते ते विंगेत राबणाऱ्या हातांवर.

यावर गंभीर आक्षेप असा, की या बदलात चित्रपटाचा गारठाच नाहीसा झाला. हेमरचा चित्रपट चालतो तो लुईची भूमिका करणाऱ्या डेनिस प्राइसच्या सभ्य, संथ निवेदनावर. खुनाचे वर्णन आणि चहाचे वर्णन तो एकाच सुरात करतो. गाणे आले की भावना उघडी पडते, चाल आली की खून गोड होतो. या म्हणण्यात तथ्य आहे. ते निवेदन पुन्हा घडवता आले नाही आणि येणारही नव्हते. पण त्या बदली काय मिळाले तेही पाहायला हवे. संगीतिकेच्या एका प्रसंगात नायक माँटी दोन दारांच्या मधोमध उभा असतो, एका खोलीत प्रेयसी सिबेला, दुसऱ्या खोलीत वाग्दत्त वधू फीबी. तिघांचे सूर एकमेकांत गुंफत जातात आणि एकीला दुसरीचा पत्ता लागू न देता त्याला दोन्ही दारे सांभाळायची असतात. चित्रपटातला लुई आपला दुटप्पीपणा आपल्याला ऐकवतो, माँटीचा दुटप्पीपणा आपण घडताना पाहतो. शिवाय संगीत बाहेरून लादलेले नाही. चित्रपटातच लुईचा ऑपेरागायक बाप मोझार्टच्या ‘डॉन जिओव्हानी’तले गाणे गातो, आणि बाप व मुलगा या दोन्ही भूमिका डेनिस प्राइसच करतो. त्या बापाचा गळा संगीतिकेने नाटकभर वापरला, इतकेच.

याहून तिखट आक्षेप राजकीय आहे. १९४९ मध्ये उमरावांची सत्ता हा जिवंत प्रश्न होता. १९९९ मध्ये बहुतेक वंशपरंपरागत उमरावांची लॉर्ड्समधली जागाच गेली. ‘डाउन्टन अ‍ॅबी’ ही मालिका आवडीने पाहणाऱ्या अमेरिकन प्रेक्षकांना इंग्लंडचे सरदार म्हणजे करमणुकीची बाहुली वाटत असणार, मग टीकेला धार कशी राहील? धार बोथट झाली हे मी मान्य करतो, पण ती गेली असे नाही, कारण ती दुसरीकडे वळली आहे. संगीतिकेत लेडी हायसिंथ हे पात्र परोपकारासाठी दुःखितांच्या शोधात असते आणि त्यासाठी इजिप्त, हिंदुस्थान, आफ्रिका असा साम्राज्याचा नकाशा पालथा घालते. वसाहतींतल्या माणसांचे दुःख तिला स्वतःच्या लौकिकासाठी हवे असते. ईलिंगच्या चित्रपटाने साम्राज्याकडे असे पाहिले नव्हते. शेवटही ध्यानात घेण्यासारखा आहे. माँटी सुटतो, पण तुरुंगात झाडलोट करणारा चॉन्सीही त्याच घराण्याने दूर लोटलेला निघतो आणि आता तोच माँटीच्या मागावर असतो. त्याची भूमिका आठ वारसांचाच नट करतो. गिनेसचा चेहरा फक्त वाड्यांत दिसत होता, इथे तोच चेहरा झाडूवाल्यालाही मिळाला. अमेरिकेतल्या प्रदर्शनासाठी ईलिंगला लुईची हस्तलिखित कबुली तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या हाती पडल्याचे दाखवून गुन्ह्याला शिक्षा होते असे सुचवावे लागले होते. संगीतिकेने ते ओझे झुगारले आणि लोभाची साखळी चालू ठेवली.

एक उणीव मात्र कोणत्याही युक्तिवादाने भरून निघत नाही. इस्रायल रँकचा बाप ज्यू होता, लुईचा इटालियन, माँटीचा स्पेनमधल्या कास्तीलचा. दर पिढीत नायकाचे परकेपण अधिकाधिक निरुपद्रवी होत गेले. १९४९ मध्ये तो बदल सद्भावनेतून आणि भीतीतूनही झाला. २०१३ मध्ये तो सवयीने झाला असावा असे वाटते. वंशामुळे नाकारले जाणे म्हणजे काय, हा हॉर्निमनचा मूळ प्रश्न, त्याचे उत्तर कितीही अवघड असले तरी, दोन्ही रूपांतरांनी बाजूला ठेवला. म्हणून जुन्या चित्रपटावरून संगीतिका झाली एवढ्यावरून तिला भिकार ठरवणे जसे चूक, तसे ती गाजली म्हणून तिने सारे जपले असे मानणेही चूक. कादंबरी, चित्रपट आणि संगीतिका या तिघींना शेजारी ठेवून प्रत्येकीने काय टाकले, काय उचलले आणि उचललेल्याला कोणता नवा अर्थ दिला हे तपासावे लागते. त्या तपासात ही संगीतिका उतरते, कारण तिने रंगभूमीची जुनी ठेव नुसती परत आणली नाही, तिच्यात नटाचे कष्ट आणि साम्राज्याचा हिशेब यांची भर घातली. टाकलेला प्रश्न मात्र अजून तसाच पडून आहे, आणि या कथेचे चौथे रूप कुणी करायचे ठरवले तर त्याने सुरुवात तिथूनच करावी.